एक स्क्रू, अर्धा फेरा आणि तीन दिवस



इथे बहुतेक जण जुन्या वाड्यांच्या, शाळांच्या, गणपतीच्या आठवणी लिहितात. मीही मागे आमच्या रामबागेतल्या भाड्याच्या घराबद्दल लिहिलं होतं. आजची गोष्ट मात्र जुनी नाही, गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली आहे, आणि तिच्यात माझी काही शोभा नाही. ज्याचं नुकसान झालं त्याला विचारूनच लिहितो आहे. "लिहा आबा, पण सगळं खरं लिहा," असं तो म्हणाला.

मी १९७३ सालचा बी.कॉम. १९७५ ते २०१२ एका राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. सुरुवात देवासला कॅशियर म्हणून आणि शेवट इंदुरात ऑफिसर म्हणून. कॉम्प्युटरशी ओळख तिथेच झाली. १९८० च्या दशकाच्या शेवटी शाखेत लेजर पोस्टिंगची मशीन आली. तिच्यासाठी काचेची वेगळी खोली केली, तिला ए.सी. बसवला, आत जाताना चपला बाहेर काढायच्या. इंदूरच्या मे महिन्यात आम्ही बाहेर घामाघूम होऊन व्हाउचरं लिहायचो आणि मशीन आत थंडगार बसलेली. उन्हाळ्यात स्टाफ काही ना काही कारण काढून त्या खोलीत जायचा. तेव्हा मशीनला माणसापेक्षा जास्त थंडावा लागतो, हे मला फार आधीपासून ठाऊक आहे.

माझा नातू, त्याला घरात सोनू म्हणतात, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गच्चीखालच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर आहे, त्याने सुटे भाग आणून स्वतः जोडलेला. त्यात ग्राफिक्स कार्ड नावाचा एक भाग असतो. चित्रांचं सगळं गणित तो भाग करतो. ते कार्ड ३१ हजारांचं होतं. अर्धे पैसे त्याच्या बाबांनी दिले आणि अर्धे त्याने लग्नांचे व्हिडिओ एडिट करून कमावले. पावती त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली. तेवढं वळण माझं आहे म्हणायला हरकत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्याने एक काम अंगावर घेतलं. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात दाखवायला राजवाड्याची तीन मिनिटांची फिल्म. कॅमेऱ्याने काढलेली नव्हे, कॉम्प्युटरवर उभी केलेली. इंदूरचा राजवाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी. १९८४ च्या आगीत त्याची फार हानी झाली. त्याआधी तो आतून कसा दिसायचा, हे घरात फक्त मला आठवत होतं. त्यामुळे रोज संध्याकाळी मी वर त्याच्या खोलीत जाऊन बसायचो. "हा खांब एवढा जाड नव्हता. सज्जाचं लाकूड जरा काळपट होतं." तो माउस फिरवायचा आणि खांब बारीक व्हायचा. माझी साठ वर्षांपूर्वीची आठवण त्या पडद्यावर दिसायची. मंडळी, निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशात मिळाला नव्हता.

अडचण एकच होती, उष्णता. फिल्म म्हणजे सेकंदाला २४ चित्रं. तीन मिनिटांची झाली ४,३२०. एका चित्राला दोन मिनिटं धरली तरी १४४ तास कार्डाने अखंड राबायचं. बाहेर ४२ डिग्री, वर तापलेला स्लॅब. कार्डाचं तापमान पडद्यावर दिसायचं, ८४, ८५. ते थंड ठेवायला कार्डावरचे दोन पंखे असे ओरडायचे की खालच्या मजल्यावर हिला दुपारी झोप लागेना. मीच दोन-चारदा जिन्यातून ओरडलो, "सोनू, तुझं ते विमान बंद कर रे!"

त्या ओरडण्याचा त्याने इलाज काढला. कार्डाचा मूळ कूलर काढून बाजारात वेगळा मिळतो तो मोठा कूलर बसवायचा. साडेपाच हजारांचा. जाड तांब्याच्या नळ्या, अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा भला मोठा गठ्ठा, मोठे पण हळू फिरणारे पंखे. जास्त थंड आणि जवळजवळ मुका.

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाल्यावर त्याने जेवणाच्या टेबलावर पांढरं कापड अंथरून काम काढलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसलो. खरं सांगतो, बँकेतल्या हेड कॅशियरने जोखमीची थैली उघडावी तसं त्या पोराने काम केलं. आधी लोखंडी जाळीला हात लावला, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या वाटीत, वाटीखाली चिठ्ठी. जुना कूलर ओढून न काढता थोडा थोडा हलवून सुटा केला. खाली चिप होती, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, आरशासारखी चकचकीत. तिच्यावरची जुनी वाळलेली पेस्ट त्याने अल्कोहोलने पुसली.

"आबा, हे बघा. कॉम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरवर धातूचं झाकण असतं. हिच्यावर नाही. हे उघडं सिलिकॉन आहे, काचेसारखं. हिला सगळ्यात जपायचं."

मग त्याने समजावलं. चिप आणि कूलरचा तांब्याचा तळ एकमेकांवर टेकले तरी मध्ये बारीक फटी राहतात. तिथली हवा उष्णता जाऊ देत नाही, म्हणून पेस्टचा पातळ थर. भोवती मेमरीच्या चिपा, त्यांच्यावर मऊ रबरासारख्या पट्ट्या. पट्टी जास्त जाड झाली तर कूलर मुख्य चिपेवर नीट बसत नाही. पातळ झाली तर मेमरी तापते. त्याने जाडी मोजून पट्ट्या मागवल्या होत्या. शेवटी चार कोपऱ्यांचे चार स्क्रू. एक कोपरा थोडा, मग त्याच्या समोरचा थोडा, मग उरलेले दोन. असं आळीपाळीने, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो.

"जुन्या कूलरच्या स्क्रूंना स्प्रिंग होती आबा, ते ठरावीक जागी थांबायचे. याला नुसतं वॉशर आहे. हाताला अंदाज घेऊनच थांबायचं."

तो थांबला. कार्ड परत बसवलं, कॉम्प्युटर सुरू केला. तासभर काम देऊनही तापमान ६३. आवाज जवळजवळ नाही. ही स्वतः वर येऊन बघून गेली. सोनूने माझ्या पाठीवर थाप मारली, मित्राला मारावी तशी.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढचं माझं आहे.

बँकेत मला एक सवय लागली होती. स्ट्राँग रूमच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे. दोघांनी कुलूप लावलं की मी हँडल तीनदा ओढून बघायचो. माझे जोडीदार हसायचे. पण सदतीस वर्षांत दार कधी उघडं राहिलं नाही. ती सवय घरी आली. गॅसची कळ, गच्चीची कडी, नळ, सगळं तीनदा.

दुसऱ्या दिवशी सोनू कॉलेजात गेला होता. कॉम्प्युटर बंद होता. मोठा कूलर आत नीट मावावा म्हणून त्याच्या पेटीची बाजूची काच काढून ठेवलेली. मी पंख्याखाली बसायला वर गेलो. कार्ड आडवं बसलेलं असतं आणि ते चार स्क्रू वरच्या बाजूला दिसतात. माझी नजर गेली. बोट लावून बघितलं तर एका कोपऱ्याचा स्क्रू किंचित सैल वाटला. बाकीचे तीन ठीक. मनात आलं, पोरगं नवखं आहे, एक राहून गेला. टेबलावर स्क्रू ड्रायव्हर होताच.

मी अर्धा फेरा दिला. मग थोडा अजून.

"कट्" असा बारीक आवाज आला. उडदाचा पापड मोडावा तेवढाच. मला वाटलं, बसला जागेवर. खरं तर तसं वाटलं नव्हतं, मी तसं स्वतःला सांगितलं. स्क्रू ड्रायव्हर होता तिथे ठेवला आणि खाली येऊन पेपर वाचत बसलो.

संध्याकाळी सोनूने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पडदा काळा. तासभर त्याने खटपट केली. मग मॉनिटरची वायर कार्डातून काढून कॉम्प्युटरच्या मूळ बोर्डाला लावली तर चित्र आलं. म्हणजे बाकी सगळं शाबूत, त्याचं कामही डिस्कवर सुरक्षित. गेलं होतं ते फक्त कार्ड.

तो रात्री जेवला नाही. मी जेवलो.

दुसऱ्या दिवशी तो दिवसभर व्हिडिओ बघत होता. कूलर कसा बसवतात, पेस्ट किती लावतात, कोणती पट्टी कुठे. आपलं कुठे चुकलं ते शोधत होता. मी दोनदा वर गेलो. दोन्ही वेळा "सरबत घेतोस का?" एवढंच विचारून परत आलो.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आबा, आर.एन.टी. मार्गावर एक जण कार्ड दुरुस्त करतो. येता का बरोबर?" मी गेलो. पिशवी माझ्या हातात. कारागीर तिशीचा असेल, डोळ्याला भिंग. त्याने कूलर उतरवला, चिप पुसली, दिव्याखाली धरली आणि भिंग माझ्याच हातात दिलं, वयाचा मान म्हणून.

"देखिए बाबूजी, कोना गया."

आरशासारख्या चिपेचा एक कोपरा उडाला होता. तांदळाच्या कणीएवढाही नाही. मला कोणता कोपरा ते सांगायची गरज नव्हती.

सोनूने विचारलं, रिबॉलिंग करून होईल का? चिपेखाली कथलाचे बारीक मणी असतात, ते तुटले तर चिप काढून नवे बसवता येतात. कारागिराने मान हलवली. मणी बदलता येतात, चटकलेलं सिलिकॉन जोडता येत नाही. मग त्याने सहज विचारलं, "इतना किसने कसा भिया?"

सोनू म्हणाला, "मैंने."

मी शेजारीच उभा होतो. पिशवीचा बंद हातात होता. मंडळी, तो एक शब्द बोलायला मला त्या क्षणी जमलं नाही. सदतीस वर्षं लोकांच्या सह्या तपासल्या. माझ्या जागी दुसऱ्याची सही होत होती आणि मी बघत राहिलो.

घरी आल्यावर आमचे चिरंजीव ऑफिसातून आले. त्यांनी व्यवहाराचं बोलायला घेतलं. कार्डाला तीन वर्षांची वॉरंटी आहे, निम्मी अजून बाकी. जुना कूलर जपून ठेवला आहेसच. तो परत बसव, दुकानात दे आणि सांग, चालता चालता बंद पडलं. "सगळे करतात. एवढं बारीक कोण बघतं?"

सोनू गप्प होता. मग माझ्याकडे वळला. "आबा, तुम्ही सांगा. देऊ का असं?"

इथे एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. १९७९ साली देवासला मी कॅशवर असताना संध्याकाळी पाचशे रुपये कमी भरले. शंभराच्या पाच नोटा कुणाला तरी जास्त गेल्या होत्या. मी त्याच वेळी मॅनेजरसाहेबांना जाऊन सांगितलं, साहेब, चूक माझी आहे, आणि पगारातून हप्त्याने रक्कम भरली. ही गोष्ट मी सोनूला तो सहा वर्षांचा असल्यापासून सांगत आलो आहे. त्याला ती पाठ आहे. म्हणूनच तो मला विचारत होता.

मी म्हटलं, "नको देऊस. आणि ते तू मोडलेलं नाहीस. सोमवारी तू कॉलेजात असताना एक स्क्रू मी आवळला."

कुणीच काही बोललं नाही. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती खाली बसली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही कशाला हात लावला?" त्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी पुढे म्हणालो, पैसे मी देतो, उद्याच एफ.डी. मोडतो.

सोनू उठला. "पैशाचं नाही आबा. मी तीन दिवस शोधत होतो माझं काय चुकलं ते. तुम्ही बघत होतात." आणि गच्चीवर निघून गेला.

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. चहा दिला तर घ्यायचा, पण नजर द्यायचा नाही. ही म्हणाली, लहान आहे, विसरेल. मी म्हटलं, विसरू नये.

तिसऱ्या संध्याकाळी तो माझ्या खोलीत आला, पलंगावर बसला आणि विचारलं, "देवासला तुम्ही त्याच संध्याकाळी सांगितलं होतं ना? मग या वेळी तीन दिवस का लागले?"

मी बराच वेळ विचार केला. त्याला पटेल असं नव्हे, खरं असेल असं उत्तर हवं होतं. शेवटी म्हणालो, "बाळा, तिथे हिशेब जुळल्याशिवाय कुणाला घरी जाता येत नव्हतं. कॅश मोजली जाणारच होती. न सांगून लपणार नव्हतं. इथे कुणी मोजणार नव्हतं. तू चूक स्वतःवर घेऊन मोकळा झाला होतास. मला तेवढंच हवं होतं."

"म्हणजे देवासची गोष्ट तेवढी मोठी नव्हती," तो म्हणाला.

"नव्हती," मी म्हणालो.

तो हसला नाही, पण उठलाही नाही. मग म्हणाला, "स्क्रू सैल नव्हता आबा. वॉशर रबराचं होतं, ते बोटाखाली दबत होतं. मी तिथे थांबलो होतो, कारण तिथेच थांबायचं होतं."

मी एफ.डी. मोडली. मुदतीआधी म्हणून व्याजातून दंड कापला गेला, तोही मला बरोबर वाटला. नवं कार्ड आणलं. ते सोनूने घ्यावं यासाठी आठवडा मनधरणी करावी लागली. वॉरंटीचा दावा केला नाही. चिरंजीव थोडे दिवस धुमसले, मग म्हणाले, ठीक आहे.

आता थोडं कामाचं सांगतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी अशी मशीन असेल. नव्या कार्डाचा मूळ कूलर सोनूने काढला नाही. कॉम्प्युटर गच्चीखालून खालच्या मजल्यावर माझ्या खोलीत आणला, भिंतीपासून वीतभर पुढे. महिन्यातून एकदा धूळ काढतो. कार्डाला वीज किती घ्यायची याची मर्यादा सेटिंगमधून ठरवता येते, ती त्याने शंभरवरून ऐंशी टक्क्यांवर आणली. काम जरासं हळू झालं, पण तापमान आणि आवाज दोन्ही बरेच उतरले. म्हणजे आधी एवढं केलं असतं तर कूलर विकत घ्यावाच लागला नसता. कुणाला बदलायचाच असेल तर आधी कार्डाच्या वॉरंटीत कूलर काढायला परवानगी आहे का ते वाचा, कूलर नेमका त्याच कार्डासाठी आहे का ते बघा, आणि स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे. उघड्या चिपेवर जास्त घट्ट म्हणजे जास्त पक्कं असं नसतं. आणि ज्याने बसवलं त्याला विचारल्याशिवाय आजोबांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नये.

राजवाड्याची फिल्म गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दाखवली. तीन मिनिटांची होती, वेळ कमी उरल्याने दोन मिनिटांची झाली. सज्जाचं लाकूड काळपट होतं, मला आठवतं तसं. शेवटी नावं आली त्यात "आठवणी : आबा" असं होतं. मी त्याला म्हटलं, माझं नाव काढ. तो म्हणाला, "आठवणी तुमच्याच आहेत. कार्डाचं वेगळं, हे वेगळं."

माझी ती सवय गेली का, असं ही परवा विचारत होती. गच्चीची कडी आता एकदाच ओढून बघतो, असं मी सांगितलं. सोनू बाजूलाच होता. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं, तेव्हा दुरुस्ती केली. दोनदा.

लांबलं, माफ करा. तुमच्या घरीही असं काही घडलं असेल तर जरूर लिहा. मोडलेल्या वस्तूपेक्षा, ते सांगायला किती दिवस लागले, हे वाचायला मला आवडेल.